काठीचा रंग

माझी आई दिवसांतून चार वेळां आपली काठी शोधीत असे, आणि चारहि वेळां ती काठी तिच्या समोरच असे. कधीं ती दाराच्या चौकटीला टेंकलेली असे, कधीं पलंगाच्या कडेला, तर कधीं तिच्या पायांशीं जमिनीवर आडवी पडलेली. "ही काय, आई, तुझ्या डोळ्यांपुढें तर आहे!" असें आम्हीं म्हणावें आणि तिनें ओशाळून "हो का रे?" म्हणत हात पुढें करावा, हा आमच्या अकोल्याच्या घरांतला नित्याचा प्रकार झाला होता. ऐंशी उलटल्यावर माणूस विसराळू होणारच, असा सोयीस्कर निष्कर्ष आम्हीं सर्वांनीं काढून ठेविला होता. तो निष्कर्ष चुकीचा होता. आईची स्मरणशक्ति शाबूत होती. तिला काठी दिसत नव्हती. आणि ती दिसूं नये अशी व्यवस्था तिच्या थोरल्या मुलानें, म्हणजे मींच, मोठ्या रसिकतेनें करून ठेविली होती.

मी अमरावतीच्या एका महाविद्यालयांत तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहें. वर्ड्‌स्वर्थच्या कविता शिकवितां शिकवितां निसर्गाबद्दल चार शब्द बरे बोलतां येतात, आणि बोलतां येऊं लागलें कीं आपल्याला निसर्ग कळला असा भ्रमहि जडतो. त्यांतून विल्यम मॉरिस हा माझा विशेष आवडता ग्रंथकार. यंत्रानें निघालेल्या कुरूप वस्तूंना विटलेल्या या इंग्रज कवीनें १८७५ पासून लीक गांवीं थॉमस वॉर्डलच्या रंगशाळेंत जाऊन वनस्पतींच्या रंगांचा स्वतः अभ्यास केला. निळीच्या पिंपांत हात बुडवून ते निळे करून घेतले. ही हकीकत विद्यार्थ्यांना सांगतांना माझा आवाज दर वर्षीं थोडा भरून येत असे. आपल्या घरांतहि अशा सृष्टीशीं नातें सांगणाऱ्या वस्तु असाव्यात, असें मला फार दिवस वाटत होतें.

ती संधि चार वर्षांपूर्वीं आली. आमचें अकोल्याचें घर मोर्णेच्या कांठीं जुन्या शहरांत आहे. वडील गेल्यावर आई आणि धाकट्या भावाचें कुटुंब तेथें राहतें. घराची डागडुजी निघाली तेव्हां रंग व सामान निवडण्याचें काम मीं आग्रहानें अंगावर घेतलें. भाऊ म्हणाला, "दादा, तुला यांतलें कळतें, तूंच ठरव." मला यांतलें कळतें याबद्दल मलाहि शंका नव्हती. पूर्वीं आमच्या भिंतींना निळीची चिमूट टाकलेला चुना असे, खालीं जमिनीलगत गेरूचा हातभर पट्टा असे, आणि माजघराच्या लांकडी उंबरठ्यावर आईनें रोज ओढलेलीं हळदीचीं बोटें असत. हें सगळें मला जरा भडक वाटे. मीं भिंतींना गव्हाळी रंग दिला, खालीं तपकिरी फरशी बसविली, खिडक्यांना मातकट पडदे लावले, आणि झिजलेला उंबरठा काढून त्याच्या जागीं फरशीच्याच रंगाचा दगड घातला. "सगळें कसें सलग दिसलें पाहिजे," असें मीं गवंड्याला बजाविलें होतें. मागची पडवी तेवढी पैसे संपल्यामुळें जुन्या चुन्याचीच राहिली. सरतेशेवटीं आईसाठीं दूरच्या एका शहरांतल्या प्रदर्शनांतून काठी आणली. ती सडपातळ होती, गुळगुळीत होती, झाडाच्या जुन्या सालीसारखी गडद तपकिरी होती. घरांत ती इतकी मिसळून गेली कीं पाहुण्यांनीं माझ्या निवडीचें कौतुक केलें. ती मिसळून गेली, हाच तिचा दोष होता, हें कळायला मला एक अपघात लागला.

दोन वर्षांपूर्वींच्या आश्विनांतली गोष्ट. अंगणांत प्राजक्त आहे. पहांटे उठून त्याचीं फुलें वेंचावयाचीं हा आईचा अनेक वर्षांचा नेम. त्या दिवशीं ती उठली, काठी चांचपली, पण काठी रात्रीं दाराच्या काळपट चौकटीला टेंकवून ठेविलेली. ती सांपडेना. घरच्यांची झोंप मोडूं नये म्हणून तिनें कोणाला हांक मारली नाहीं. भिंतीच्या आधारानें ती निघाली, आणि माजघराच्या त्या सलग दिसणाऱ्या दगडाला ठेंच लागून पडली. उजवें मनगट मोडलें.

निरोप येतांच मी अमरावतीहून निघालों. बडनेरा, मूर्तिजापूर हीं स्थानकें त्या दिवशीं मला पूर्वीं कधीं नव्हतीं इतकीं दूर दूर वाटलीं. पोंचलों तेव्हां तिचा हात प्लास्टरमध्यें होता. मी कांहीं बोलण्यापूर्वीं तीच माझी समजूत घालूं लागली. "अरे, काठी चांगलीच आहे. तूं आणलेली वस्तु वाईट कशी असेल? फक्त ती मला दिसत नाहीं, एवढेंच. आणि तो उंबरठा कुठें संपतो, तेंहि मेलें कळत नाहीं."

"मग इतके दिवस बोलली कां नाहींस?"

"तूं एवढ्या हौसेनें केलेलेंस," ती म्हणाली.

वाचकहो, परीक्षेंत नापास झालेल्या मुलांचीं तोंडें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत; त्या दिवशीं माझें तोंड तसेंच झालें असावें.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तिला नेलें तेव्हां त्यांनीं जें सांगितलें तें मीं दहा वर्षांपूर्वींच विचारावयास हवें होतें. माणसाच्या डोळ्यांतील भिंग वयाबरोबर पिवळें पडत जातें आणि निळा-जांभळा प्रकाश अडवितें. म्हणून म्हाताऱ्या माणसाला गडद निळें आणि काळें यांत भेद कळत नाहीं. आई आपल्या निळ्या लुगड्याला वर्षानुवर्षें काळें म्हणत असे आणि आम्ही हंसत असूं, त्याचें कारण हें. एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर दुसऱ्याच दिवशीं तिनें "ही चादर निळी कधीं झाली?" असें विचारलें होतें, त्याचाहि उलगडा झाला. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची गोष्ट मला आठवली. मोतीबिंदु वाढला तशीं त्याचीं चित्रें तांबूस, पिवळट, धुरकट होत गेलीं, आणि १९२३ सालीं शस्त्रक्रिया झाल्यावर त्याला निळा रंग नको इतका दिसूं लागला. मोनेच्या डोळ्यांविषयीं मी वर्गांत तासभर बोललों असेन. आईच्या डोळ्यांविषयीं मात्र मीं कधीं मिनिटभर विचार केला नव्हता.

डॉक्टर पुढें म्हणाले कीं आईच्या दुसऱ्या डोळ्याचा पडदाच झिजला आहे. अशा दृष्टीला रंगाच्या नाजुक छटांचा उपयोग नसतो. तिला हवा असतो उजेड आणि अंधार यांतला ठळक फरक. पांढऱ्या कपांत दूध ओततांना तें कोठवर आलें हें तिला कळत नाहीं. तेंच दूध गडद कपांत दिलें तर सांडणार नाहीं. तरुण डोळ्याला जेवढा फरक पुरतो तेवढा वृद्ध डोळ्याला पुरत नाहीं. हें ऐकतांना माझ्या डोळ्यांपुढें तपकिरी फरशीवर तपकिरी दगड आणि तपकिरी चौकटीला तपकिरी काठी उभी राहिली.

मीं लगेच उपाय केला, आणि पंडिताचे उपाय असतात तसा अर्धवट केला. काठीवर तांबडा रंग चढविला. कुंकवासारखा लखलखीत रंग! दिवसां ती काठी दुसऱ्या खोलींतून दिसे. पण आईला तिची खरी गरज पहांटेच्या अंधुक प्रकाशांत, आणि तेव्हां ती म्हणे, "ही तर आणखीच काळी झाली रे!" मला वाटलें, म्हातारपणाचा हट्ट. पुढें वाचनांत आलें कीं हट्ट नव्हता, सृष्टीचा नियम होता. पुर्किन्ये नांवाच्या चेक शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणांतच तो नोंदविला आहे. उजेड कमी होत गेला कीं डोळा तांबड्या रंगाला मुकतो. तिन्हीसांजेला बागेंतलीं लाल फुलें आधीं काळवंडतात आणि हिरवीं पानें मागून. हा अनुभव प्रत्येकाला रोज संध्याकाळीं येत असतो. मलाहि येत होता. मीं त्याकडे पाहिलें नव्हतें.

मग औषधांच्या दुकानांतून ॲल्युमिनियमची काठी आणली. ती हलकी होती, उंची कमीजास्त करतां येई, हें सर्व खरें. पण चैत्रांतलें अकोल्याचें ऊन ज्यानें सोसलें आहे त्याला पुढचें सांगावयास नको. वैशाखाकडे सरकतां सरकतां येथें पारा ४५ अंशांच्या पुढें जातो. अंगणांत घटकाभर राहिलेली ती काठी आईनें धरली आणि चटका बसून फेकून दिली. धातु हातांत उष्णता भराभर सोडतो. लांकडाचा किंवा बांबूचा हात त्या बाबतींत फार संथ. पोलादाची गोष्ट घेतली तरी तें लांकडाच्या सुमारें शंभरपट वेगानें उष्णता वाहून नेतें, आणि ॲल्युमिनियम त्याहूनहि कितीतरी अधिक. शिवाय आईची तक्रार उन्हापुरती नव्हती. "ती हातांत धरली कीं मी आजारी आहें असें वाटतें," ती म्हणाली. वस्तूचा हाहि एक गुण असतो, आणि तो कोणत्याहि मापानें मोजतां येत नाहीं.

या खटपटीच्या मध्यंतरीं, फाल्गुनांत, विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी मेळघाटांत गेलों होतों. परतवाडा सोडून सेमाडोहाकडे चढूं लागलें कीं सागाचें रान त्या दिवसांत अगदीं उघडें पडलेलें असतें. पानें गळलेलीं, जमीन तपकिरी, डोंगर तपकिरी. आणि त्यांत जागोजाग पळस पेटलेला. आम्ही एका पळसाखालीं थांबलों. वर साळुंक्या आणि बुलबुल यांची झुंबड चालली होती. फुलांतला मध पिण्यासाठीं एक येई, एक जाई. इतक्यांत आमच्या पावलांपासून चार हातांवर पाचोळ्यांतून एक तित्तिर भुर्रकन उडाला. तो उडेपर्यंत आमच्यापैकीं एकालाहि दिसला नव्हता.

त्या तित्तिरानें मला जें शिकविलें तें तीस वर्षांत कोणत्याहि कवीनें शिकविलें नव्हतें. सृष्टीला जेव्हां एखादी वस्तु लपवावयाची असते तेव्हां ती तिला तपकिरी रंग देते. तित्तिर तपकिरी, ससा तपकिरी, झाडाच्या सालीवर बसलेला पतंग तपकिरी. अंधुक झालेल्या डोळ्यांच्या माझ्या आईच्या हातांत मीं तित्तिराच्या रंगाची काठी दिली होती, आणि त्याला निसर्गाचें अनुकरण म्हणत होतों!

सृष्टीला जेव्हां दिसावयाचें असतें तेव्हां ती काय करते? तेव्हांहि ती आपल्या आवडीचा रंग घेत नाहीं. ज्यानें यावें त्याच्या डोळ्याचा रंग घेते. पळसाला पक्षी हवे असतात, म्हणून तो पक्ष्यांना दिसणारा केशरी-तांबडा होतो, आणि आड येणारीं पानें बहुधा आधींच झाडून टाकतो. प्राजक्त, रातराणी हीं रात्रीं उमलणारीं. त्यांचे पाहुणे पतंग, म्हणून त्यांच्या पाकळ्या पांढऱ्या-फिक्या आणि वास दूरवर जाणारा. मधमाशीला तांबडा रंग दिसतच नाहीं. कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें १९१४ च्या सुमारास राखी कागदांच्या मध्यें निळा कागद मांडून, त्यावर साखरेचें पाणी ठेवून, माशीला रंग कळतात हें दाखविलें. पण तांबडा कागद ठेविला तेव्हां माशी त्याची गडद राखी कागदाशीं गल्लत करूं लागली. उलट आपल्याला न दिसणारे अतिनील किरण तिला दिसतात, आणि कित्येक फुलांवर त्या प्रकाशांत वाचावयाच्या खुणा असतात. आपल्याला तें फूल नुसतें पिवळें दिसतें. सारांश, फूल स्वतःसाठीं रंगत नाहीं, आणि आपल्यासाठीं तर नाहींच नाहीं. निसर्गापासून कांहीं घ्यावयाचें असेल तर त्याचा रंग उचलून आणण्यांत अर्थ नाहीं. त्याचा प्रश्न उचलून आणला पाहिजे. हें कोणासाठीं? त्याला दिसतें किती, आणि कोणत्या उजेडांत?

हा शोध मोठ्या ऐटीनें बरोबर घेऊन मी चैत्रांत अकोल्याच्या एका बुरडाकडे गेलों. टोपल्या, सुपें, परड्या यांच्या ढिगांत बसून तो कांबट्या तासत होता. मीं म्हटलें, काठी पाहिजे. त्यानें मान वर न करतां विचारलें, "कोनासाठी पायजे, गुरुजी?"

जो प्रश्न मला पळसाखालीं पन्नाशी उलटल्यावर सुचला होता, तो त्याचा रोजचा पहिला प्रश्न होता.

"आईसाठीं."

"मंग मायले घिऊन या."

"तिला आणणें कठीण आहे."

"मंग तिचा हात घिऊन या."

मी बुचकळ्यांत पडलेला पाहून त्यानें सुताचा एक तुकडा पुढें केला. आईनें सैल मूठ मिटली कीं आंत किती जाडी मावते तें या सुतानें मोजावयाचें. उभी राहून हात मोकळा सोडला कीं मनगटापासून जमिनीपर्यंत किती उंची भरते तें दुसऱ्या सुतानें, आणि तींहि पायांत तिची नेहमींची चप्पल असतांना. मीं दोन गांठी मारलेलीं सुतें आणून दिलीं. तीं पाहून तो म्हणाला, "तुमची अगुदरची काठी लई बारीक असन. म्हाताऱ्या मानसाची मूठ पुरी वळत नाही जी. जाड पायजे." आईच्या संधिवाताच्या बोटांना ती सडपातळ काठी इतके दिवस किती छळीत असेल, हा विचार माझ्या मनांत तेव्हां प्रथम आला.

त्यानें मेळघाटचा बांबू काढला. तिकडच्या रानांत जो बांबू मुख्यतः होतो त्याला मानवेल म्हणतात. तो इतर बांबूंसारखा आंतून पोकळ नसून बहुधा भरीव असतो, म्हणून काठीला उत्तम. तो कोवळा चालत नाहीं. तीन पावसाळे पाहिलेला लागतो, आणि पावसाळा सरल्यावर तोडावा लागतो, नाहीं तर आंतल्या गोडीला भुंगा लागतो. बांबूचे धागे बाहेरच्या अंगाला दाट आणि आंत विरळ असतात, म्हणून पाठ तासून टाकली कीं त्याचें बळ गेलें. या बांबूची विद्या मेळघाटांतले कोरकू आणि गांवोगांवचे बुरूड पूर्वींपासून जाणतात. धारणी तालुक्यांतल्या लवादा गांवीं सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनीं संपूर्ण बांबू केंद्र उभारून त्याच विद्येला नवी बाजारपेठ मिळवून दिली. सुनील देशपांडे २०२१ सालीं निवर्तले. बांबू हें लांकूड नसून गवत आहे, हें वनस्पतिशास्त्र केव्हांचें सांगत होतें. कायद्यानें रानाबाहेरच्या बांबूला झाडाच्या व्याख्येंतून वगळलें तें २०१७ सालीं.

रंगाची गोष्ट निघाली तेव्हां मीं माझें ज्ञान पाजळलें. काठीच्या मुठीला सुती दोरी गुंडाळावी हें त्याचें मत मला पटलें होतें, कारण घामानें हात निसटत नाहीं. ती दोरी आलीच्या मुळांनीं रंगवावी, असें मीं सुचविलें. एके काळीं वऱ्हाडांत आलीचें पीक होतें. तीन-चार वर्षांनीं मुळें खणून त्यांचा तांबडा रंग काढीत आणि खादीला देत. १८६८ सालीं ग्रेब आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनीं मंजिष्ठेंतला रंग प्रयोगशाळेंत बनविला, तो स्वस्तांत बाजारांत आला, आणि पुढच्या काळांत आलीची शेती व तिच्यावर जगणारे रंगारी दोघेहि उठले. हें सगळें मीं त्याला सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "लाल रंग मायले दिसते का पन?" मी गप्प बसलों. मग मीं हळद सुचविली. घरीं दोरी हळदींत रंगवूनहि पाहिली. महिनाभरांत उन्हानें ती फिकट होऊन गेली. हळद उन्हांत टिकत नाहीं हें कोणतीहि गृहिणी सांगती. अखेर बाजारांतली, गिरणींत रंगविलेली पिवळीधमक दोरी आली. मॉरिसच्या आत्म्याची मीं मनोमन क्षमा मागितली; पण हात आईचा होता.

बांबूच्या अंगाला त्यानें कसलाहि रंग दिला नाहीं. वाळलेल्या मानवेलीचा स्वतःचा रंग फिका पिवळसर, गव्हाच्या काडासारखा असतो. मला निसर्गाचा रंग हवा होता आणि मीं तो विकत घेतांना गडद पॉलिश चढवून झांकलेला घेतला होता! तपकिरी फरशीवर ही फिकी काठी चांगली उठून दिसली. पण मागच्या पडवींत, चुन्याच्या भिंतीला टेंकवली कीं ती पुन्हा नाहींशी होई. आईनेंच तें पहिल्या दिवशीं दाखविलें. मी काठी परत घेऊन गेलों. बुरडानें ऐकलें, निखाऱ्यांत लोखंडी पट्टी तापविली, आणि बांबूच्या प्रत्येक पेऱ्यावर बोटभर रुंदीचें काळें कडें डागून दिलें. फिक्या अंगावर काळीं कडीं. आतां पाठीशीं गडद भिंत असो कीं पांढरी, काठीचा एक ना एक भाग दिसणारच. गांधीलमाशीच्या अंगावरचे पिवळे-काळे पट्टे हेंच काम करतात. पानावर बसो, मातीवर बसो, ती दुरून ओळखूं आलीच पाहिजे. बुरडानें गांधीलमाशीचें नांव घेतलें नाहीं. तो त्याच प्रश्नाच्या त्याच उत्तरापर्यंत आपल्या वाटेनें पोंचला होता. ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज नांवाच्या गृहस्थाला अंधत्व आल्यावर रस्त्यावरच्या गाड्यांना आपण दिसावें म्हणून त्यानें १९२१ सालीं आपली काठी पांढरी रंगविली; जगभर आज दिसणाऱ्या पांढऱ्या काठीचें मूळ पुष्कळदां तेथें दाखवितात. त्यानेंहि विचार केला तो दुसऱ्याच्या डोळ्यांचा. स्वतःच्या हातांतल्या वस्तूचा रंग स्वतःला दिसत नसतांना त्यानें तो निवडला.

काठी झाली, पण उंबरठा राहिला होता. मीं आईला विचारलें, "दगड काढून टाकूं का?" ती म्हणाली, "दगड राहूं दे. पूर्वींसारखीं हळदीचीं बोटें ओढत जा म्हणजे झालें." त्या दिवशीं मी त्या जुन्या घराकडे नव्यानें पाहूं लागलों. चुन्याच्या भिंतीखालचा गेरूचा पट्टा, शेणानें सारवलेल्या अंगणांतली पांढरी रांगोळी, उंबरठ्यावरची हळद यांना मी शोभा समजत होतों, आणि शोभा म्हणूनच तीं भडक ठरवीत होतों. शोभा तर तीं होतींच, धर्महि होता. पण रॉकेलच्या चिमणीच्या उजेडांत वावरणाऱ्या बायकांच्या पावलांना भिंत कोठें संपते आणि पायरी कोठें सुरू होते हेंहि तीं सांगत असावींत. वऱ्हाडी माणूस शेतजमिनीला 'काळी' आणि गांवठाणाला 'पांढरी' म्हणतो. त्या दोन शब्दांत केवढी निवड सामावलेली आहे! काळी माती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यांत कापूस पिकतो, पण तिच्यावर भिंत उभी राहत नाहीं. पांढरीच्या मातीनें भिंती आणि धाबीं टिकतात. आमच्या पूर्वजांनीं मातीचा रंग पाहिला तो भिंतीला शोभेल का म्हणून नव्हे, तर ती कोणत्या कामाची हें तो सांगे म्हणून. मीं मात्र 'मातीचे रंग' म्हणून एकच तपकिरी उचलला आणि त्यांतलें सांगणें पुसून टाकलें.

या गोष्टीला आतां वर्ष होऊन गेलें. आईचें मनगट जुळलें, पण पूर्वींसारखें नाहीं. लाटणें तिला धरतां येत नाहीं, आणि ती तें बोलून दाखवीत नाहीं. ही एक गोष्ट कोणत्याहि रंगानें परत येणार नाहीं. नवी काठी तिला सुंदर वाटत नाहीं. "अगदीं मण्यारीसारखी दिसते मेली," असें ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. पण मी अकोल्यास असलों कीं पहांटे मला जाग येते ती तिच्या काठीच्या रबरी बुटाच्या ठक्‌ठक् आवाजानें. तो आवाज माजघरांतून निघतो, उंबरठ्याशीं क्षणभर थांबतो, आणि मग अंगणांत प्राजक्ताखालीं जातो. मी उठत नाहीं. त्या थांबण्याएवढा वेळ श्वास मात्र रोखून धरतों.

ती जुनी तपकिरी काठी मीं लाल रंग खरवडून अमरावतीस आणली. माझ्या अभ्यासिकेंत पुस्तकांच्या कपाटाला ती टेंकलेली असते. येणारे स्नेही तिच्याकडे पाहून "वा!" म्हणतात. कोणी तिच्यावर भार टाकीत नाहीं, म्हणून ती निर्दोष आहे. परवां गुडघा दुखूं लागला म्हणून तिन्हीसांजेला फिरावयास जातांना ती घ्यावी असें मनांत आलें. दिवा लावला नव्हता. मी कपाटापाशीं गेलों आणि हातानें चांचपूं लागलों; काठी सांपडेना. बायको आंतून म्हणाली, "अहो, ती काय तुमच्या डोळ्यांपुढें!"

पुढच्या खेपेस अकोल्यास जाईन तेव्हां त्या बुरडाकडे जावें म्हणतों. दोन सुतें घेऊन. या वेळीं माझ्या हाताचीं.